गोळी, यकृत आणि कंबरदुखीचे औषध

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतातली औषधे पचवणारी एन्झाइम 'कायमची निकामी' करते, अशा अर्थाचा मजकूर आरोग्य पुरवण्यांतून अधूनमधून छापून येतो. व्हॉट्सअॅपवर पोचेपर्यंत त्याचे 'गोळ्यांनी लिव्हर जाते' असे होते. मूळ रसायनशास्त्र खरे आहे. पण त्याच्या आधारे बायकांना जिथे घाबरवले जाते तिथे घाबरण्यासारखे जवळजवळ काही नाही. जिथे खरोखर जपायला हवे, म्हणजे कंबरदुखीच्या आणि दम्याच्या गोळ्यांशी होणारी गाठ, तिचा उल्लेखही कुठे नसतो. म्हणून थोडे तपशिलात लिहितो आहोत.

एथिनिल इस्ट्राडिऑल हा रेणू १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहॉफन आणि होलवेग यांनी तयार केला. शरीरात आपोआप बनणारे इस्ट्राडिऑल तोंडाने घेतले, तर आतडे आणि यकृत त्याच्या १७ व्या कार्बनवरचा गट चटकन बदलून टाकतात आणि रक्तापर्यंत फारसे काही उरत नाही. त्याच कार्बनवर तिहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनांची शेपटी लावली की हा बदल अडतो. हीच ती एथिनिल शेपटी. तिच्यामुळे घेतलेल्या औषधापैकी सरासरी ४० ते ४५ टक्के रक्तात पोचते आणि अगदी थोड्या मात्रेत काम भागते. सरकारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी या दोन्हींमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम असते, सोबत १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत याच रेणूचे भावंड, मेस्ट्रॅनॉल, १५० मायक्रोग्रॅम होते. जुन्या पुस्तकांतले इशारे वाचताना हा पाचपट फरक लक्षात ठेवावा.

आता एन्झाइमचे. सायटोक्रोम पी-४५० हे एक मोठे कुटुंब आहे. त्यातल्या प्रत्येक सदस्याच्या पोटात हीम असते, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असते तशी लोह धरून ठेवणारी चकती. हे लोह हवेतला ऑक्सिजन आणि एनएडीपीएचकडून मिळालेले इलेक्ट्रॉन घेते आणि ऑक्सिजनचा एक अणू औषधाच्या रेणूवर बसवते. औषध त्यामुळे पाण्यात विरघळण्याजोगे होऊन पुढे लघवी-पित्तावाटे निघून जाते. आपल्या औषधांपैकी फार मोठा वाटा ३ए४ या सदस्याकडून पचवला जातो. एथिनिल इस्ट्राडिऑलही बऱ्याच अंशी तोच पचवतो. बहुतेक वेळा तो त्याच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतो आणि सगळे सुरळीत पार पडते. क्वचित ऑक्सिजन चुकून शेपटीच्या तिहेरी बंधावर बसतो. टोकाच्या कार्बनवर बसला तर हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि कीटीन नावाचा अतिशय चळवळ्या पदार्थ तयार होतो. त्याला पाणी भेटले तर त्याचे निरुपद्रवी आम्ल होते. पाण्याआधी एन्झाइमचेच प्रथिन भेटले तर तो त्याला चिकटतो तो सुटत नाही. ऑक्सिजन आतल्या कार्बनवर बसला तर रेणू थेट हीमच्या नायट्रोजनला जोडला जातो आणि चकतीच बिघडते. असे बिघडलेले हीम हिरवट दिसते. दोन्ही प्रकारांत तो एन्झाइमचा रेणू गेला. मात्र त्याला मारणारे विष बाहेरून आलेले नसते, त्याच्याच हातून तयार झालेले असते. त्यामुळे ज्या एन्झाइमने ही शेपटी हाताळली नाही, त्याला धक्का लागत नाही.

यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. दोष 'कृत्रिम' असण्याचा नाही, तिहेरी बंधाचा आहे. डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल हेही कृत्रिम इस्ट्रोजेन आणि त्याचे साल तेच, १९३८. पण त्याला ही शेपटी नाही. उलट त्याच गोळीतले लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि पाळी पुढे ढकलायला दिले जाणारे नॉरएथिस्टेरॉन ही इस्ट्रोजेन नसूनही शेपटीवाली आहेत. गेस्टोडीन हे तिसरे शेपटीवाले प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक) परीक्षानळीत ३ए४ ला एथिनिल इस्ट्राडिऑलपेक्षाही जास्त झपाट्याने मारते, हे १९९० मध्येच दाखवले गेले.

'प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे' हे वाक्य पुरवण्यांतून फार सैल वापरले जाते, म्हणून सिद्ध कसे करतात तेही सांगतो. मानवी यकृताचे मायक्रोसोम (पेशी फोडून वेगळे काढलेले, पी-४५० असलेले पडद्याचे कण) किंवा शुद्ध एन्झाइम घ्यायचे, त्यात औषध निरनिराळ्या प्रमाणात घालायचे, ३७ अंशांवर ठेवून एनएडीपीएच घालायचे आणि घड्याळ सुरू करायचे. शून्य, पाच, दहा, वीस, तीस मिनिटांनी थोडे थोडे मिश्रण काढून दुसऱ्या नळीत किमान दहा-वीस पट पातळ करायचे. त्या नळीत मिडॅझोलमसारखे, ३ए४ कडूनच पचणारे ओळखीचे औषध असते. ते किती पचले यावरून एन्झाइम किती जिवंत उरले ते कळते. उरलेल्या कामाचा लॉगरिदम वेळेसमोर मांडला की सरळ उतरती रेघ मिळते. प्रत्येक प्रमाणाची रेघ वेगळी, आणि त्या उतारांवरून दोन आकडे निघतात: एन्झाइम जास्तीत जास्त किती वेगाने मरू शकते, आणि त्याच्या निम्मा वेग यायला औषध किती लागते.

चुका नेमक्या इथे होतात. दुसऱ्या नळीत पुरेसे पातळ केले नाही तर औषधाने नुसती जागा अडवलेली असते, तीही मृत्यू म्हणून मोजली जाते. एनएडीपीएच न घातलेली नळी शेजारी नसेल तर साध्या अडवणुकीत आणि आत्मघातात फरक करता येत नाही. आत्मघाताला एन्झाइमने आधी काम करावे लागते आणि एनएडीपीएचशिवाय ते काम करत नाही. औषध न घातलेली, पण एनएडीपीएच असलेली नळीही लागते, कारण एन्झाइम रिकामे चालत राहिले तरी हळूहळू आपोआप मरते. हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तो द्रावकातून घालावा लागतो. डीएमएसओ हे नेहमीचे द्रावक वापरले तर ते स्वतःच ३ए४ ला दाबते. शिवाय तो प्लॅस्टिकला आणि मायक्रोसोममधल्या चरबीला चिकटतो, त्यामुळे नळीत घातले तेवढे प्रत्यक्ष एन्झाइमपर्यंत पोचलेले नसते. चांगल्या प्रयोगात ग्लुटाथायोन घालूनही पाहतात. सक्रिय पदार्थ एन्झाइमच्या बाहेर निसटून हल्ला करत असेल तर ग्लुटाथायोन त्याला वाटेतच टिपते आणि एन्झाइम वाचते. तसे झाले नाही, तर मारणारा पदार्थ जन्माला आला तिथेच काम करतो असे समजायचे.

मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००२ मध्ये शुद्ध ३ए४ वर हे करून दाखवले. निम्मा वेग यायला सुमारे १८ मायक्रोमोलर (द्रावणातल्या रेणूंच्या प्रमाणाचे एकक) एथिनिल इस्ट्राडिऑल लागले. कमाल वेग मिनिटाला सुमारे ०.०४ होता, म्हणजे भरपूर औषध असेल तर साधारण १६ मिनिटांत निम्मे एन्झाइम संपते. वाचायला हे भयंकर वाटते. बातमी इथेच थांबते आणि हिशेब इथून सुरू होतो.

३० मायक्रोग्रॅमची गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात या औषधाची वरची पातळी मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या आसपास असते. रेणूभार २९६ धरला तर ती ०.३४ नॅनोमोलर. १८ मायक्रोमोलर म्हणजे १८,००० नॅनोमोलर. रक्तातली पातळी नळीतल्या त्या आकड्याच्या पन्नास हजारांश आहे. त्या पातळीला एन्झाइम मरण्याचा वेग मिनिटाला दशलक्षांश भागापेक्षाही कमी पडतो. दुसऱ्या बाजूला ३ए४ चे रेणू तसेही जुने होऊन मोडत आणि नवे बनत असतात. निम्मे बदलायला यकृतात साधारण दीड दिवस लागतो असे धरले, तर हा स्वाभाविक वेग मिनिटाला ०.०००३२ येतो. दोन्हींचे गुणोत्तर काढले की उत्तर मिळते: गोळीमुळे यकृतातले ३ए४ हजारात दोन-तीन रेणूंनी कमी होते. गोळी गिळल्यावर आतड्याकडून यकृताकडे येणारी लाट याच्या पाच-सहा पट धरली तरी घट शेकडा दीडच्या आत राहते. रक्तातले हे औषध ९५ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिनला बांधलेले असते, ते तर या हिशेबात धरलेलेच नाही. बी. फार्म.च्या विद्यार्थ्याला कागदावर करता येईल असे हे गणित आहे. माणसांवरचे अनुभवही त्याच्याशी जुळतात: गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मिडॅझोलमची पातळी फारशी हलत नाही. १९७७ मध्ये उंदरांच्या यकृतातले पी-४५० घटलेले दिसले होते, पण तिथले डोस गोळीच्या मानाने कितीतरी मोठे होते.

जाता जाता: ३ए४ चा आत्मघात घडवून आणणारी गोष्ट खरेच पाहायची असेल तर ती फळांच्या गाड्यावर मिळते. ग्रेपफ्रूट आणि आपले पपनस यांच्यातली फ्युरॅनोकूमरिन आतड्यातले ३ए४ अशाच रीतीने मारतात, आणि एका ग्लासमध्ये त्यांचे प्रमाण त्यासाठी पुरेसे असते. मूत्रपिंड बदललेल्या आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या रुग्णाला पपनस खाऊ नको असे सांगतात, ते याच कारणाने.

एसजीपीटीचा गोंधळही दूर करायला हवा. 'लिव्हर एन्झाइम' म्हटले की लोकांना रक्ततपासणीतला हा आकडा आठवतो. एसजीपीटी यकृताच्या जखमी पेशींतून रक्तात गळते, म्हणून वाढते. पी-४५० पेशीच्या आत पडद्याला रोवलेले असते आणि या तपासणीत दिसत नाही. 'गोळ्यांनी एन्झाइम मरतात' म्हणून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. कावीळ चालू असताना किंवा यकृताचा गंभीर आजार असताना इस्ट्रोजेनची गोळी द्यायची नाही, हा नियम आहेच, पण त्याचे कारण पित्ताचा प्रवाह अडणे हे आहे. तो विषय वेगळा.

मग गोळीने कुठल्याच औषधाचे काही बिघडत नाही का? बिघडते, आणि चांगलेच बिघडते, पण १ए२ नावाच्या दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेवर. चहा-कॉफीतले कॅफिन हेच एन्झाइम पचवते. गोळी चालू असताना कॅफिन निम्मे व्हायला लागणारा वेळ साधारण दुप्पट होतो, पाच-सहा तासांचे दहा-बारा. इथे एथिनिल शेपटीला दोष देता येत नाही. गरोदरपणात रक्तात असते ते नैसर्गिक इस्ट्रोजेन, तरीही शेवटच्या तिमाहीत कॅफिनचा हा काळ दुपटीहून जास्त लांबतो. संध्याकाळच्या चहाने झोप उडते एवढ्यावर भागले तर तक्रार नाही. भागत नाही ते टिझानिडीनच्या बाबतीत.

टिझानिडीन हे स्नायू सैल करणारे औषध. आपल्याकडे ते एकटे क्वचितच येते. असेक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि टिझानिडीन २ मिलिग्रॅम असे मिश्रण कंबर, मान, पाठ आखडली की लिहिले जाते, आणि पुष्कळदा चिठ्ठीशिवायच काउंटरवरून उचलले जाते. तोंडाने घेतलेल्या टिझानिडीनचा बराच भाग यकृतातून पहिल्याच फेरीत १ए२ कापून टाकते. ती कात्री बोथट झाली की रक्तातली पातळी थोडीथोडकी चढत नाही, कित्येक पट चढते. फिनलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एथिनिल इस्ट्राडिऑल आणि गेस्टोडीनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये टिझानिडीनचा एकूण भार (रक्तात किती आणि किती वेळ राहिले, हे मिळून) सरासरी जवळपास चौपट आणि शिखर तिप्पट आढळले. म्हणजे २ मिलिग्रॅमची गोळी ८ मिलिग्रॅमसारखी वागते. परिणाम दिसतात ते असे: रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंदावते, तोंड कोरडे पडते आणि दिवसभर गुंगी राहते. अशा बाईला 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लावले जाते आणि वेदनाशामक चालूच राहते. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकाची भर पडली तर प्रकरण धोक्याचे होते, कारण ते एकटेच टिझानिडीनचा भार दहापट करते. ही जोडी मुळातच वर्ज्य आहे.

गोळी चालू असणाऱ्या बाईला टिझानिडीनशिवायचे साधे वेदनाशामक बहुतेक वेळा पुरते. द्यायचेच झाले तर ते मिश्रणातून न देता सुटे, २ मिलिग्रॅम, फक्त रात्री झोपताना द्यावे, पहिल्या दिवशी बसून-उभे राहून रक्तदाब पाहावा आणि मात्रा सावकाश वाढवावी. स्ट्रिपवर २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. लोहाचा आठवडा चालू आहे म्हणून सूट धरू नये, २८ही दिवस गोळी चालू आहे असेच समजावे.

दुसरे नाव थिओफिलिन. दम्यासाठी डेरिफायलिन अजूनही गावोगाव वापरात आहे. गोळीबरोबर थिओफिलिन बाहेर टाकण्याचा वेग सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मंदावतो. टिझानिडीनच्या तुलनेत हे कमी वाटेल, पण थिओफिलिनची उपयोगी आणि विषारी पातळी एकमेकींना खेटून असतात. मळमळ, धडधड, हातांना कंप आला तर आधी मात्रेकडे पाहावे. क्लोझापिन घेणाऱ्या स्त्रीची गोळी सुरू किंवा बंद करताना मनोविकारतज्ज्ञाला कळवावे, कारण तेही १ए२ च्याच वाटेने जाते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शरीरात जवळजवळ दुप्पट काळ रेंगाळते. चार-पाच दिवसांच्या कोर्सला त्याने फरक पडत नाही, महिनोन्महिने घेणाऱ्यांना पडतो. आम्लपित्तावरचे ओमेप्रॅझोल थोडे वाढते, त्यासाठी काही करायची गरज नाही.

आमचा मुख्य आग्रह प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दल आहे. 'गर्भनिरोधक गोळी घेता का?' असे विचारले की पीसीओडीसाठी किंवा मुरुमांसाठी एथिनिल इस्ट्राडिऑल ३५ मायक्रोग्रॅम आणि सायप्रोटेरॉन २ मिलिग्रॅम घेणारी मुलगी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. आई शेजारी बसलेली असेल तर नक्कीच म्हणते. लग्नकार्य, सण किंवा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलणारी बाई तर ही गोळी औषधात मोजतच नाही. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा घेत असते. त्याचा अगदी छोटा अंश शरीरात एथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो. रोजच्या १० ते २० मिलिग्रॅममधून २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीइतके इस्ट्रोजेन मिळते. म्हणून प्रश्न असा हवा: 'पाळीसाठी, पाळणा लांबवण्यासाठी किंवा चेहऱ्यासाठी काही गोळ्या चालू आहेत का?' आणीबाणीची १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची एकच गोळी आणि सरकारी 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी यांत इस्ट्रोजेन नसते, त्यांना या यादीत ओढू नये.

उलट दिशेच्या दोन गाठी जास्त घातक आहेत. फेपऱ्यासाठीचे लॅमोट्रिजिन गोळीमुळे वाढत नाही, घटते. एथिनिल इस्ट्राडिऑल त्याला ग्लुक्युरोनाइड (औषध बाहेर टाकायला सोपे करणारा साखरेसारखा गट) जोडणाऱ्या एन्झाइमचे काम वाढवते आणि लॅमोट्रिजिनची पातळी साधारण निम्म्यावर येते. मग लोहाच्या सात दिवसांत ती पुन्हा वर उसळते. महिन्याच्या एका टोकाला झटका येतो, दुसऱ्या टोकाला चक्कर आणि दुहेरी दिसणे. सोबत व्हॅल्प्रोएट हे फेपऱ्याचेच दुसरे औषध चालू असेल तर हा परिणाम दिसत नाही. नसेल तर तांबी हा सरळ पर्याय आहे.

क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन सहाही महिने असते. ते ३ए४ ची संख्या इतकी वाढवते की एथिनिल इस्ट्राडिऑल आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल दोन्ही वेळेआधीच संपतात. गोळी एकही दिवस न चुकवता दिवस राहू शकतात, आणि दोष बाईच्या विसराळूपणावर येतो. रिफॅम्पिसिन थांबल्यानंतरही चार आठवडे हा परिणाम धरून चालावे. त्या काळात तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन चालते. अॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या साध्या अँटिबायोटिकांनी असे होत नाही, त्यांच्यासाठी गोळी बंद करायला सांगू नये.

क्षयरोगाच्या उपचारपत्रावर संततिनियमनाच्या साधनाची एक ओळ असावी आणि आशाताईंच्या गोळ्या वाटपाच्या नोंदवहीत रिफॅम्पिसिन, फेपऱ्याची औषधे आणि डेरिफायलिन यांचा एक रकाना असावा. टिझानिडीन असलेल्या प्रत्येक मिश्रणाच्या स्ट्रिपवर 'पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारा' एवढे मराठीत छापण्याची सक्ती अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे मागावी, ही विनंती.

आपले,
औषधशास्त्राचे दोन अध्यापक
मिरज